छपराचा दाखला

बुलढाणा मुक्कामी राहणाऱ्या, राहू इच्छिणाऱ्या आणि केवळ बदली झाली म्हणून राहावे लागणाऱ्या समस्त घरमालकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, डोक्यावर छप्पर असणे ही एक गोष्ट आहे आणि ते छप्पर रीतसर तपासलेले असणे ही सर्वस्वी निराळी गोष्ट आहे. पहिली कोणालाही जमते, चिमण्यांनाही जमते. दुसरीसाठी मनाची तयारी लागते, घरातल्या बायकामाणसांची संमती लागते आणि दोन-तीन दिवस उघड्या आभाळाखाली जेवण्याची हिंमत लागते. ज्यांचे काळीज नाजूक असेल त्यांनी आपल्या घरी जसे गळते आहे तसे गळू द्यावे.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझे छप्पर तपासले गेले आहे.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. मोठे हुकूम नागपूरहून निघायचे, अमरावतीला थोडे जाड व्हायचे आणि घाट चढून आमच्याकडे येईपर्यंत त्यांना धाप लागलेली असायची. त्या हुकमांच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, सरकारी इमारतींची छपरे बघण्यात जन्म घालवून पेन्शनीत निघालेले एक ओव्हरसियरसाहेब आमच्या आळीला राहत. सरकारने त्यांना पेन्शन दिली, पण त्यांनी छपरांना दिली नाही. सरकारी छपरे हातून गेल्यावर ते खाजगी छपरांकडे वळले. मोबदला काही घेत नसत. एक चटई, एक लोटा ताक आणि खरे उत्तर, एवढ्याच त्यांच्या अटी. पहिल्या दोन कुठल्याही घरी मिळत.

खाकी अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे, डोक्यावर सोला हॅट आणि हातात काळी छत्री. ही छत्री रस्त्यावर नेहमी मिटलेली असे. मुसळधार पाऊस असला तरी मिटलेली. घरात पाऊल टाकले की मात्र ते ती उघडत. एकदा मी न राहवून विचारले. ते थांबले, माझ्याकडे शाळेतल्या ढ मुलाकडे पाहावे तसे पाहिले आणि म्हणाले, "रस्त्यावर पाणी कुठून येणार हे ठाऊक असतं, मास्तर. घरात ते ठाऊक नसतं." मग माझ्या ओसरीवर, स्वच्छ उन्हाच्या दिवशी, छत्री उघडी धरून ताक प्यायले.

त्यांच्या स्वतःच्या घराची गोष्ट तर त्याहून वरची. ते घर कधीच तपासले गेले नव्हते. स्वतःचे छप्पर स्वतः तपासणे त्यांच्या मते नियमाबाहेर होते, आणि जिल्ह्यात दुसरा तपासणारा नव्हता. बिनतपासलेल्या छपराखाली पावसाळ्यात झोपणे तर त्यांना पटणेच शक्य नव्हते. त्यामुळे आषाढ लागला की साहेब वळकटी काखेत मारून मारुतीच्या देवळात झोपायला जात. देवळाचे छप्पर त्यांनी नोकरीत असताना पाहिलेले होते. चार महिने मारुती आणि साहेब एका खोलीत राहत. दोघांचेही लग्न झालेले नव्हते, त्यामुळे कोणाची तक्रार नव्हती.

बोलण्यात त्यांचा एक शब्द ठरलेला होता: "नोंद घेतली." तुम्ही म्हणा, साहेब, आज फार उकडतंय; नोंद घेतली. साहेब, मला मुलगा झाला; नोंद घेतली. आमच्या शाळेचे हेडमास्तर वारले तेव्हा सारे अंगणात खाली मान घालून बसले होते. कोणीतरी भरल्या गळ्याने म्हणाले, "फार मोठा माणूस गेला हो." साहेब म्हणाले, "नोंद घेतली." आणि थोड्या वेळाने, वर पाहत, तितक्याच दुःखाने, "वळचणीची तीन कवेलूही गेली."

कवेलू म्हणजे मातीची नळीची कौले. आमच्या गावची निम्मी घरे त्या काळी कवेलूंची. वर्षभर घाटावरचा वारा ती हलवतो आणि काळतोंडी वानरे त्यांवर उड्या मारतात, म्हणून दर वैशाखात सगळी कवेलू उतरवून, फुटकी वेगळी काढून, पुन्हा बसवायची असतात. याला आमच्याकडे कवेलू फेरणे म्हणतात. गावात हे काम एक चाचा करत. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम. वय साठीचे, दाढी मेंदी लावलेली, आणि तिरक्या छपरावर असे चालत की आम्ही सपाट रस्त्यावर तसे चालत नसू. साहेबांना तपासणीला चाचा लागत, कारण साहेब स्वतः वर जात नसत. "वर चढलेल्याला छप्पर दिसत नाही. त्याला गाव दिसतं," असे त्यांचे म्हणणे. चाचांचे साहेबांविषयी काय म्हणणे होते ते चाचा छपरावरून सांगत, आणि ते तीन गल्ल्यांपर्यंत ऐकू जाई.

साहेबांची पद्धत कोर्टासारखी होती. आधी साक्षी, मग पुरावा. घरातल्या प्रत्येकाला वेगळे बोलावून विचारायचे, की बाई किंवा बाबा, कुठे गळते? आमच्या आळीतल्या एका वकिलाने हौसेने तपासणी करून घेतली. वकील म्हणाले, गळते ते स्वयंपाकघरात. त्यांची बायको म्हणाली, स्वयंपाकघरात टिपूस पडत नाही, गळते ते ह्यांच्या पुस्तकांच्या कपाटावर. वकिलांच्या आई म्हणाल्या, ही सून घरात आल्यापासून गळते ते फक्त माझ्या अंथरुणावर. तिघांच्या साक्षी साहेबांनी भिंतीआडून एकमेकांना ऐकू जातील अशा खणखणीत आवाजात वाचून दाखवल्या. त्या घरात नंतर आठ दिवस कोणी कोणाशी बोलले नाही. अहवालात साहेबांनी लिहिले होते: 'एकूण गळत्या तीन. पैकी छपरात एक.'

आता माझ्याकडे येतो.

माझे लग्न तीनदा ठरता ठरता राहिले होते. एकदा पत्रिका आडवी आली. एकदा मुलीच्या आईला बुलढाण्याची थंडी मानवणार नाही असे निघाले. आणि एकदा, आईच्या म्हणण्याप्रमाणे, मी फार बोललो. वय असे झाले होते की शाळेतल्या पोरांच्या आया मला 'मास्तरकाका' म्हणू लागल्या होत्या. घरात आई आणि मी, दोघेच. अशात चौथे स्थळ आले. मुलगी मूळच्या उंद्रीकडच्या घराण्यातली, वडील मेहकरच्या तहसील कचेरीत रेकॉर्ड सांभाळून निवृत्त झालेले. मुलीची आई लवकर गेलेली, बापलेक दोघेच. पत्रिका जुळली. थंडीला त्यांची हरकत नव्हती. आणि मी बोलायच्या आत त्यांचे पत्र आले.

पत्रात लिहिले होते: 'मी पुढच्या रविवारी येत आहे. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम घराच्या छपराचा दाखला पाहिल्यानंतर.'

यामागे एक इतिहास होता. नोकरीत असताना एका पावसाळ्यात यांच्या रेकॉर्डखोलीत पाणी शिरले आणि एका अख्ख्या महसुली मंडळाचे नकाशे भिजले. शाई पसरली. एका गावचा नाला दुसऱ्या गावच्या देवळातून वाहू लागला, आणि एका पाटलाच्या शेतात अचानक तलाव आला. त्याबद्दल वरून जेव्हा जाब विचारला गेला, तेव्हापासून या गृहस्थांचा माणसांवरचा विश्वास उडाला. फक्त छपरावर तेवढा राहिला.

आईने पत्र दोनदा वाचायला लावले. मग म्हणाली, "त्या छत्रीवाल्याले बोलाव. अन् हे स्थळ गेलं तं मी सरळ काशीले जाऊन बसते. मंग तू अन् तुह्यं बोलणं."

मी गेलो. साहेबांनी वही काढली, माझे छप्पर कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते विचारले आणि म्हणाले, "पाहुणे रविवारी? मी शुक्रवारी येतो. त्यांना एक कळवा. कलम चार. ज्या व्यक्तीस सदर छपराखाली राहावयाचे आहे, त्या व्यक्तीने जातीने हजर राहावे."

"साहेब, ती व्यक्ती म्हणजे मुलगी," मी म्हणालो. "मुलगी मुलाच्या घरी कशी येईल? आपण त्यांच्या घरी जायचं असतं."

"तिचं छप्पर तिच्या घरी नेऊ काय?" साहेब म्हणाले.

मी कळवले. मला वाटले, मुलीकडचे चिडतील.

शुक्रवारी सकाळी साहेब आले. दारात छत्री उघडली, ताक मागितले, आणि मधल्या घरात चटई टाकून उताणे झोपले. छत्री पायाशी, हॅट छातीवर, दोन्ही हात हॅटवर, डोळे वर लागलेले. पहिला दिवस छपराला नुसते बघू देण्याचा असतो, असे त्यांनी मला आधीच समजावले होते. छप्परही माणसाला जोखत असते म्हणे. तास झाला, दोन तास झाले, साहेब हलले नाहीत. तेवढ्यात शेजारच्या काकू उसने विरजण मागायला आल्या, दारातून आत पाहिले आणि पदर तोंडाला लावून आईजवळ येऊन बसल्या. त्यांच्या मागून आणखी दोघी आल्या. एकीने जाताना दारातली चप्पल सरळ केली.

"कवा झालं वो हे?" काकूंनी अगदी हळू विचारले.

"काय कवा झालं? तपासणी करून राह्यले ते!" आई म्हणाली.

जमिनीवरून आवाज आला, "शेजारीण. नोंद घेतली."

काकू विरजण न घेताच गेल्या.

दुपारी साक्षी झाल्या. आईने काशीच्या आणि स्थळाच्या मध्ये उभे राहून साक्ष दिली.

"आपल्या माहितीत गळती किती?"

"एक बी नाही."

"त्या कोपऱ्यात ते तपेलं कशासाठी?"

"ते तिथंच राह्यते."

"किती दिवसांपासून?"

आई जरा घुटमळली. "मी लगन होऊन आली तवापासून."

साहेबांनी हे लिहून घेतले आणि पुढच्या रकान्याकडे वळले. तो रकाना वानरांचा होता. वानरे कुठल्या बाजूने येतात, किती येतात, उतरताना आढ्यावरून जातात की वळचणीवरून, आणि त्यांत कोणी अंगाने जड आहे काय? मी म्हणालो, एक थोराड हुप्या आहे. साहेबांनी त्याचे वर्णन मागितले. इतक्या बारकाईने त्यांनी माझीही चौकशी केली नव्हती.

शनिवारी उजाडता चाचा आले, आणि तिथे घात झाला.

माझी समजूत अशी की फेरणे पाहुणे गेल्यावर होईल; आज चाचा वर जातील, इकडे-तिकडे बघतील, दोन-चार फुटकी कवेलू बदलतील. साहेब खालून म्हणाले, "सगळी उतरवा."

"सगळी?" चाचा आढ्यावरून ओरडले. "अजी सायब, उद्या पावने येऊन राह्यले मास्तरच्या घरी!"

"म्हणूनच. पोट पाहिल्याशिवाय कवेलूबद्दल बोलणं म्हणजे अफवा पसरवणं."

"बसवायले दोन दिवस लागतीन!"

"घाई करायची तर तपासणी कशाला?"

दुपारपर्यंत माझे घर उघडे झाले. भिंती होत्या, दारे होती, देवघर होते, वासे होते, आणि वर थेट निळे आभाळ. छप्पर अंगणात ओळीने मांडले होते. प्रत्येक कवेलूवर खडूने नंबर घातला होता. खडू माझ्याच शाळेतला. त्या शिस्तबद्ध रांगा पाहून मला सवयीने हजेरी घ्यावीशी वाटली.

मग आवाजाची परीक्षा सुरू झाली. चांगले भाजलेले कवेलू बोटाने वाजवले तर खणखणते, चिरलेले बद्द वाजते. चाचा एकेक उचलत, कानाजवळ धरत, टिचकी मारत. साहेब डोळे मिटून बसलेले. "पास." टिचकी. "पास." टिचकी. "नापास." टिचकी. "पुन्हा." पुन्हा टिचकी. "पुन्हा." दिवेलागणीपर्यंत पाव अंगण झाले. चाचांच्या बोटाला फोड आला. ते म्हणाले, "सायब, कवेलू हाय, नवरी नाही. किती पाहान?"

रविवारी दुपारी मेहकरची मोटार आली तेव्हा शेवटच्या रांगा तेवढ्या तपासायच्या राहिल्या होत्या. मी स्टँडवर घ्यायला गेलो होतो. वाटेत सांगावे म्हणून मी चार वेळा तोंड उघडले आणि चार वेळा आईचे 'मंग तू अन् तुह्यं बोलणं' आठवून मिटले. गृहस्थ उंच, किडकिडीत, काळा कोट गळ्यापर्यंत बंद. आणि त्यांच्या मागे, मान खाली घालून, मुलगी. कलम चारची त्यांना इतकी भीती की खरोखरच मुलगी घेऊन आले होते! नियम लिहून आला की तो पाळायचा, कोणी केला हे विचारायचे नाही, असा त्या माणसाचा सगळा जन्म गेला होता.

आई दारात आली, मुलीला पाहिले आणि माझा हात चिमट्यात धरून कुजबुजली, "पोरगी घेऊन आले रे! अन् आपल्या घराले टोपी नाही!"

पाहुणे आत आले, पाटावर बसले आणि वर पाहिले. वर आभाळ होते. एक घार संथ घिरट्या घालत होती.

मग गृहस्थांनी अत्यंत थंड आवाजात विचारले, "छप्पर?"

साहेब छत्री घेऊन पुढे झाले. "निर्दोष आहे. आतापर्यंत जेवढं पास केलं तेवढं निर्दोष आहे. फक्त सध्या अंगणात आहे."

मी डोळे मिटले. मनात म्हटले, चौथे गेले. उघडले तेव्हा पाहुणे जागेवर नव्हते. ते अंगणात उकिडवे बसले होते आणि एका कवेलूचा नंबर वाचत होते.

"नंबर घातलेत?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीतरी विरघळले होते.

"आणि रजिस्टर," साहेब म्हणाले.

"पाहू."

त्या दोन माणसांची भेट मी विसरणार नाही. आयुष्यभर वेगवेगळ्या जिल्ह्यांत हरवलेले सख्खे भाऊ जत्रेत भेटावे तसे ते भेटले. रजिस्टरचे रकाने पाहून पाहुण्यांनी कोटाचे वरचे बटण काढले. वानरांचा रकाना पाहून दुसरे. पुढचे दोन तास दोघे खाली मान घालून रांगेरांगेने सरकत होते, चाचा टिचक्या मारत होते, आणि लग्नाचे नाव कोणी काढत नव्हते.

आम्ही तिघे आत. मी आजवर ऐकलेय की मुली समईच्या उजेडात दाखवतात, दाराआडून दाखवतात, संध्याकाळी दाखवतात. बुलढाण्याचे वैशाखातले भर दुपारचे ऊन डोक्यावर घेऊन कोणी मुलगी पाहिली असेल असे वाटत नाही. काहीच लपत नव्हते. तिच्या नाकावर घामाचे तीन थेंब होते आणि माझ्या डोक्यावरचे केस कुठे विरळ झालेत ते तिने मान वर केली तर सरळ दिसणार होते. आईने पोह्यांची एक बशी तिच्यापुढे ठेवली, एक माझ्यापुढे. तेवढ्यात वासा करकरला. तो थोराड हुप्या वर येऊन बसला होता, मागे त्याचा सगळा कबिला. मधे कवेलू नसल्याने त्यांनाही आमचा संसार पहिल्यांदाच स्पष्ट दिसत होता. बाराजण वरून टक लावून पाहत होते. हुप्याने वाशाला लोंबकळून लांब हात खाली सोडला, माझी बशी अलगद उचलली आणि वर बसून खाऊ लागला.

मुलीने पदर तोंडात कोंबला. खांदे हलत होते. रडते आहे की हसते आहे, मला कळेना.

अंगणातून साहेबांचा आवाज आला, "वानरे हजर. नोंद घेतली."

आणि त्याच क्षणी अंगणात भांडण लागले.

शेवटच्या रांगेतले एक कवेलू साहेबांनी पास केले होते आणि पाहुणे म्हणत होते की ते बद्द वाजते. चाचांनी पुन्हा वाजवले. साहेब म्हणाले, खणखणीत. पाहुणे म्हणाले, बद्द. "माझा कान या कामात पिकलाय," साहेब म्हणाले. "माझे नकाशे असल्याच पास केलेल्या छपराखाली भिजले," पाहुणे म्हणाले आणि कोटाचे बटण पुन्हा लावले. "बे, काय झालं रे?" असे विचारत गल्लीतले लोक कुंपणाशी गोळा झाले. आई बाहेर धावली. एका कवेलूपायी तिची सून परत मेहकरला निघाली होती.

तोडगा चाचांनी काढला. त्यांनी त्या कवेलूची दोन्ही तोंडे ओल्या मातीने लिंपली आणि मला म्हणाले, "मास्तर, या. बसा इथी."

"मी कशाला?"

"घर कुनाचं? तुमचं. मंग डोकं बी तुमचंच लागन."

मला पाटावर बसवले. चाचांनी ते पन्हळीसारखे कवेलू माझ्या डोक्यावर धरले आणि तांब्याने काठोकाठ पाणी भरले. थेंब पडला तर कवेलू नापास, आणि मीही. सारे अंगण श्वास धरून माझ्या टाळूकडे पाहत होते. साहेब घड्याळ घेऊन एका बाजूला, पाहुणे वाकून दुसऱ्या बाजूला. आई मनातल्या मनात कुठल्यातरी देवाला नवस बोलत होती. ओठ हलताना दिसत होते. आणि दाराच्या चौकटीत ती उभी होती. मान वर. पहिल्यांदाच वर. माझ्याकडे नव्हे, कवेलूच्या पोटाकडे पाहत होती, तेही अगदी जाणकारासारखे.

पाच मिनिटे झाली. दहा झाली. माझी मान अवघडली. पाणी पडले नाही.

"खडखडीत कोरडं," चाचा म्हणाले आणि ते पाणी स्वतःच्या फोड आलेल्या बोटावर ओतून घेतले.

पाहुण्यांनी साहेबांना हात जोडले. साहेबांनी जोडलेल्या हातांची नोंद घेतली. आईने सुटकेचा असा श्वास सोडला की शेजारच्या काकू कुंपणाशी दचकल्या. ओसरीवर चटई टाकली गेली. साहेबांनी दाखल्याचा कागद काढला, टाक शाईत बुडवला आणि उरलेले कलम वाचू लागले. दाखला तयार होता. फक्त एक रकाना रिकामा होता.

"शेवटचा प्रश्न," साहेब म्हणाले. "हा छपराचा नाही, घराचा आहे. भर पावसात कवेलू सरकलं, तर वर कोण चढतं?"

"चाचा," मी म्हणालो.

"चाचा या घरात राहतात काय?"

"नाही."

"भर पावसात येतात काय?"

"भर पावसात माझ्याच घरी काम राह्यते, सायब," चाचा म्हणाले.

"मग घरातला इसम कोण?"

मी आईकडे पाहिले. आईने जमिनीकडे पाहिले. खरे म्हणजे आजवर आईच चढत आली होती, लुगड्याचा कासोटा घट्ट मारून. मी खाली उभा राहून तिला कुठे पाय ठेव ते सांगत असे. गेल्या पावसाळ्यापासून तिचे गुडघे धरले होते. आणि मला शाळेच्या पायऱ्यांवरून खाली पाहिले तरी गरगरते.

खरे उत्तर ही साहेबांची तिसरी अट होती. मी ते दिले. सगळ्या आळीसमोर दिले.

साहेबांनी टाक थांबवला. मग जड मनाने लिहिले आणि लिहिलेले मोठ्याने वाचले: "घरात पुरुष, एक. चढणारा, नाही." आणि टाक खाली ठेवला. "दाखल्यावर सही करता येत नाही. छप्पर निर्दोष आहे. पण ते राखणारं कोणी नाही."

पाहुणे उठले. कोट झटकला. माझ्याकडे त्यांनी पाहिले ते रागाने नव्हे, कीव करून पाहिले, आणि ते जास्त लागले. "मास्तर, माणूस तुम्ही चांगले आहात," ते म्हणाले. "पण ज्याला स्वतःच्या छपरावर चढता येत नाही, त्याच्या घरी मी मुलगी देणार नाही. चल गं. मोटार चुकेल."

आईने कपाळाला हात लावला. चाचा शिडी उचलायला वळले. साहेब दाखल्याची घडी घालू लागले. वर वाशांवर बारा वानरे निश्चल बसली होती. सारा दिवस एक शब्द न बोललेली मुलगी चौकटीत उभी होती, आणि ती काही जागची हलेना.

"चल म्हटलं ना!" बाप म्हणाला.

आणि सगळी आळी ऐकते आहे, होणारा नवरा ऐकतो आहे, होणारी सासू ऐकते आहे, कशाचेच भान न राहून ती एकदम मोठ्याने म्हणाली, "बाबा, आपल्या घरी तरी वर कोण चढते? मीच ना! तुमी तं खाली शिडी धरून उभे राह्यता, अन् थे बी डोळे मिटून!"